एकेचाळीस नंबरची प्लेट

आपा प्रत्येक गोष्टीचा आधी वास घेत. तोंडाला लावण्याआधी चहाचा, नाव लिहिण्याआधी नव्या रजिस्टरचा, पिशवीत टाकण्याआधी बांगड्याचा. बाजारात ते दिसले की मासे विकणाऱ्या बायका एकमेकींना हाका मारायच्या, "इले गो वासवाले!" एकीने तर माझ्यासमोर सुनावलं होतं, "आपा, शिरा पडो तुमच्या नाकार! आत्ताच होडयेतसून काढलेले आसत ते!" आपांनी तरी बांगडा नाकाशी नेलाच, मान हलवली आणि परत टोपलीत ठेवला. "काल सांजचो," एवढंच म्हणाले. बाईने शिव्या दिल्या, पण खोटं आहे असं काही म्हणाली नाही.

हे आपा म्हणजे आमच्या देवगड तालुक्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयाचे लॅब टेक्निशियन. रुग्णालय कुठलं ते सांगत नाही, कारण जे लिहायला बसलोय ते माझं पाप आहे, रुग्णालयाचं नाही. आपांचं खरं नाव पगारपत्रकाबाहेर कुणी वापरलं नसेल. डॉक्टर बदलून जायचे, नवे यायचे, तेही दुसऱ्या दिवशी 'आपा' म्हणू लागायचे. मिठबावच्या वाटेवरच्या एका वाडीत त्यांचं घर होतं. घरात ते आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकी, दोघंच. मूलबाळ नव्हतं.

ज्याला उरक म्हणतात तो त्यांच्यात अजिबात नव्हता. रिपोर्टासाठी कुणी खिडकीशी आलं की ठरलेलं उत्तर, "वायच थांब." पेशंटचं रक्त किंवा पू प्लेटवर लावला आणि दोन दिवसांत काही उगवलं नाही, की प्लेट फेकून द्यायची, असा सगळीकडचा रिवाज. आपा पाच-सहा दिवस फेकत नसत. इन्क्युबेटरमध्ये जागा उरली नाही म्हणून सिस्टर ओरडायच्या. आपा म्हणायचे, "जंतूक काय ड्युटी लागलेली आसा? सगळेच काय घाईत उगावणत नाय. चार दिवस जावंदेत."

ह्या थांबण्यातूनच ते आम्हा संशोधकांना सापडले. एका शेतकऱ्याला टीबी समजून महिनोन् महिने गोळ्या चालू होत्या, तो खंगत चालला होता. आपांनी त्याच्या रक्ताची प्लेट ठेवून दिली. चौथ्या दिवशी तिच्यावर जांभळट, सुरकुतलेले ठिपके आले, वाळत घातलेल्या कोकमासारखे. डॉक्टर म्हणाले, बाहेरची घाण पडली असेल. आपांनी वास घेतला आणि म्हणाले, घाण नव्हे, ह्याला चिखलाचा वास येतोय. स्वतः एस.टी.ने जाऊन त्यांनी ती प्लेट मोठ्या कॉलेजात दिली. उत्तर आलं, मेलिऑइडोसिस. भाताच्या चिखलात राहणाऱ्या जंतूमुळे होणारा, टीबीचं सोंग घेणारा आजार. गोळ्या बदलल्या आणि तो शेतकरी वाचला. आपांना जंतूचं लांबलचक नाव जमेना, म्हणून त्यांनी त्याला आपलं नाव दिलं, सोलां. आमच्याकडे कोकमाला सोलां म्हणतात.

हाच जंतू माझ्या पोस्टडॉकचा विषय होता. दक्षिणेतल्या एका संस्थेत मी ह्यावर काम करत होतो. मी देवगडचा आहे, बोली येते, म्हणून आमच्या प्रमुख बाईंनी मला नमुने गोळा करायला पाठवलं. पोस्टडॉक म्हणजे काय, हे आपांनी पहिल्याच दिवशी विचारलं. मी म्हटलं, डॉक्टरेट झाली आहे, पण कायमची नोकरी नाही, मधल्या काळात दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत संशोधन करायचं. आपांनी विचार केला. "म्हणजे साखरपुडो झालो, लगीन होवक नाय. अशातली गजाल ती."

एकदा दुपारी डबा खाताना मी त्यांना जंतूची करामत सांगितली होती. आपल्या शरीरातली पांढरी पेशी त्याला गिळायला येते. तो खुशाल गिळून घेतो. आत गेल्यावर तिने ज्या पिशवीत कोंडलेलं असतं ती फोडतो, तिच्याच अंगातल्या सामानाची शेपटी तयार करतो आणि त्या शेपटीच्या जोरावर शेजारच्या पेशीत घुसतो. दोन पेशींच्या मधली भिंत मोडून त्यांची एकच खोली करतो. बाहेर उघड्यावर येतच नाही, म्हणून पहारेकऱ्यांना दिसत नाही. आपा घास हातात धरून ऐकत होते. "पावणो म्हणान इलो आणि घरकाराकच कामाक लावल्यान. मेलो हुशार आसा," ते म्हणाले. मी हसलो. मीही त्यांच्याकडे पाहुणा म्हणूनच आलोय, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. आता दिवसातून दहा वेळा येतं.

आमच्या संस्थेत ह्या जंतूची प्लेट उघडायची तर काचेच्या पेटीत, तीही हवा आत ओढून गाळणारी. हातात दुहेरी मोजे, तोंडावर घट्ट मास्क. दारावर पाटी, 'प्लेट हुंगू नये'. आपांच्या लॅबमध्ये टेबल, पंखा आणि खिडकी. मी मास्कची पेटी नेली होती. आपांनी मास्क लावला आणि पहिली प्लेट उघडताना हनुवटीवर ओढला. मी म्हटलं, "आपा, वास घेऊ नका. ह्याने आजार होतो." ते म्हणाले, "बावीस वर्सां घेतंय. नाक अजून जाग्यार आसा."

मी हे एकदाच सांगितलं. पुन्हा सांगितलं नाही, कारण दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या नाकाची करामत पाहिली. तालुक्यातल्या आणि लगतच्या वेगवेगळ्या शेतांच्या मातीच्या साठ प्लेटा टेबलावर मांडलेल्या. मला त्यांतल्या खऱ्या ओळखायला तीन दिवसांच्या चाचण्या लागल्या असत्या. आपांनी झाकणं किलकिली करत अर्ध्या तासात सात प्लेटा बाजूला काढल्या. मी नंतर तपासल्या. सातही बरोबर. त्यानंतर मी ती मास्कची पेटी कपाटात ठेवून दिली. आपांना मधुमेह होता. डायबिटीसची गोळी ते माझ्यासमोर घेत आणि वर चहात साखर घालून घेत. हा जंतू मधुमेह असलेल्यांना सगळ्यांत लवकर धरतो. हे माझ्याच प्रकल्प-अर्जाच्या पहिल्या पानावर, माझ्याच हाताने लिहिलेलं वाक्य आहे. आणखी काय सांगू?

सांगायचं आहे. जुलैतला शेवटचा दिवस होता. आपा चार दिवस लावणीची रजा घेऊन नुकतेच कामावर आले होते. पायाला कापलेलं, त्यावर फडकं. मला दुसऱ्या दिवशी नमुने घेऊन परत जायचं होतं. एकेचाळीस नंबरची प्लेट, महामार्गावरच्या तळेऱ्याच्या पलीकडच्या एका शेतातली. तिच्यावरचे ठिपके धड सुरकुतलेले नव्हते, धड गुळगुळीतही नव्हते. आपांनी वास घेतला आणि प्लेट खाली ठेवली. "माका नक्की कळणा नाय," म्हणाले. मी घाईत होतो. मी म्हटलं, "आपा, परत एकदा घ्या. नीट घ्या." त्यांनी झाकण पूर्ण काढलं, प्लेट नाकाशी धरली आणि दीर्घ श्वास घेतला. "आसा," ते म्हणाले. "सोलांच आसत."

ऑगस्टच्या मध्यावर त्यांचा फोन आला. मी सूक्ष्मदर्शकापाशी बसलो होतो.

"झिला, सोलां इली."

"कुणाच्या नमुन्यात, आपा?"

"माझ्याच रगतात."

दहा दिवस ताप होता. मोठ्या गावातल्या दवाखान्यात न्यूमोनिया म्हणाले, मग टीबीचा संशय घेऊ लागले. आपांनी खाटेवरून आपल्या लॅबमधल्या सहकाऱ्याला बोलावून स्वतःचं रक्त प्लेटवर लावायला सांगितलं आणि बजावलं की पाच दिवस फेकू नको. पाचव्या दिवशी प्लेट मागवून घेतली. ह्या खेपेला वास घ्यावा लागला नाही, म्हणाले, डोळ्यांनीच दिसली. बोलताना त्यांना धाप लागत होती, पण आवाजात, काय सांगू, थोडा अभिमान होता. योग्य इंजेक्शनं सुरू झाली ती त्यांनी स्वतः ओळखलं म्हणून. 

त्यांची ती रक्ताची प्लेट आमच्या संस्थेत आली. जंतूचा जनुकीय नकाशा वाचायचं काम माझंच होतं. आपांच्या रक्तातला जंतू आणि एकेचाळीस नंबरच्या प्लेटवरचा जंतू एकच होते. त्या तळेऱ्याच्या शेतात आपांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या शेतातल्या मातीचे सहा नमुने आम्ही घेतले होते, त्यांतल्या एकातही जंतू सापडला नव्हता. ती फाइल मी दुसऱ्या कुणाला उघडू दिली नाही. आमच्या बाईंना सांगितलं, रुग्णाचा नमुना खराब झाला, वाचता आला नाही. पुढच्या महिन्यात माझी कायमच्या नोकरीची मुलाखत होती.

ऑक्टोबरमध्ये मी आपांच्या घरी गेलो. ते पडवीत खुर्चीवर बसले होते, निम्मे झालेले. काकी पाणी ठेवून आत गेल्या. मी इकडचं तिकडचं बोलत राहिलो. मी खरं सांगायला आलोय, असं स्वतःला बजावत तळेऱ्यापासून आलो होतो. पण आतून मला काय हवं होतं ते मला ठाऊक होतं, आणि ते आपांनी न मागता दिलं.

"तू काय सांगूक इलंस ता माका कळला," ते हळू आवाजात म्हणाले. "एकेचाळीस नंबर मां?"

मी मानेनेच हो म्हटलं.

"शेतातलोच म्हण. लॅबमधलो म्हटलंस तर चौकशी लागतली. हंयसरचा काम बंद करतले. मगे नमुने जिल्ह्याक जातले, दोन दिवसांनी फेकून देतले. पुढच्या माणसाचा काय? माझा सोड, मी बरो होतलंय."

त्यांना पुढच्या पेशंटची काळजी होती. मला माझ्या मुलाखतीची होती. दोघांनी मिळून एकच खोटं ठरवलं, म्हणून काही मी त्यांच्या पंगतीला बसत नाही.

दुसऱ्या दिवशी वाडीच्या देवळात आमचा जनजागृतीचा कार्यक्रम होता. सभामंडप भरलेला. प्रकल्पातर्फे गमबूट वाटायचे होते. मी उभा राहून सांगितलं की हा जंतू चिखलात असतो, पायाच्या जखमेतून शिरतो, लावणीला बूट घातल्याशिवाय उतरू नका. लोक जांभया देत होते. तेव्हा मी म्हणालो, "लांब कशाला, आपल्या आपांनाच बघा. पायाला जखम होती, ते स्वतःच्या शेतात उतरले आणि तिथल्या चिखलातून त्यांना हा आजार झाला." जांभया थांबल्या. कार्यक्रम झाल्यावर बुटांसाठी झुंबड उडाली. बायकांच्या रांगेत काकी बसल्या होत्या. त्यांनी मान खाली घातलेली मी पाहिली. वाटलं, नवऱ्याच्या आजाराचं दुःख असेल.

मला एका विद्यापीठात नोकरी लागली. आपांचा फोन आला, "लगीन झाला एकदाचा!" ते पुढे बरे झाले नाहीत. महिन्यांमागून महिने गोळ्या, मध्ये थोडं बरं, परत ताप, मग मूत्रपिंडं थकली. लॅबमध्ये ते पुन्हा गेले नाहीत. मला फोन करून प्लेटांविषयी विचारायचे, आणि मी दोन मिनिटांत आटपायचो, कारण त्यांचा आवाज मला ऐकवत नसे. शेवटचे दोन फोन तर मी उचललेच नाहीत. आपा दोन वर्षांनी, दिवाळीनंतर गेले. मला निरोप मिळाला. परीक्षा चालू आहेत असं कळवून मी गेलो नाही. परीक्षा चालू होत्या, हे खरं आहे. माझ्याशिवाय अडणार काहीच नव्हतं, हेही खरं आहे.

गेलो तो फेब्रुवारीत. काकी काजू सुकत घालत होत्या. मला पाट दिला, आपांच्या शेवटच्या दिवसांचं सांगत राहिल्या. घरामागच्या कुणग्यात, म्हणजे भाताच्या त्या लहानशा तुकड्यात, गुडघाभर गवत माजलं होतं. सहज विचारायचं म्हणून मी विचारलं, लावणीला माणसं मिळत नाहीत का?

काकींचे हात थांबले. "डॉक्टरांनू, तुमका म्हणान सांगतंय. ह्येंका कदी बोलूक नाय मी. त्या टायमाक ह्येंच्या पायाक कापला होता. ह्ये शेतात येवचे नव्हते. मीच म्हटलंय, येवढ्याशा जखमेन काय होता, माणसां गावणत नाय, चला तुमी. मीच ओढून नेलंय." त्या बोलता बोलता रडायला लागल्या. "मगे तुमी देवळात सांगलास. तेच्यानंतर दोन पावसाळे मी त्या शेतात पाय ठेवक नाय. मीच माझ्या घोवाक मारलंय."

मला शरम वाटली, हे वाक्य फार लहान आहे. मला तिथून पळून जावंसं वाटलं. पण ह्या वेळी मी सगळं सांगितलं. प्लेट, वास, एकेचाळीस नंबर, 'परत एकदा घ्या' म्हणालो ते, नकाशा, आपांचं म्हणणं, मुलाखत. काकी डोळे न पुसता ऐकत होत्या.

"म्हणजे तो आमच्या शेतातलो नव्हतो?"

"नव्हता, काकी."

"माझ्यामुळे नाय?"

"नाही. माझ्यामुळे."

त्यांच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली, ती बघणं मला शिव्या खाण्यापेक्षा जड गेलं. मला वाटलं, एवढ्यावर भागलं. मग त्यांनी विचारलं, "तुमका ह्या कदीपासून म्हायत आसा?"

"देवळात बोललो त्याच्या आधीपासून."

काकी उठल्या. इतकी वर्षं त्या मला 'तुमी' म्हणत आल्या होत्या. "दोन वर्सां? दोन वर्सां तुका म्हायत होता, आणि तू माका जळत ठेवलंस? ह्येंनी सांगल्यानी लॅबसाठी. तू कोणासाठी गप रवलंस?"

 उत्तर त्यांना माहीत होतं.

"माका एकटीक सांगान काय उपयोग?" त्या म्हणाल्या. "तेवा देवळात सगळ्यांसमोर सांगलंस मां? आता पण थंयच सांग. सोमवारी सप्त्याची बैठक आसा."

मी जुन्या संस्थेतल्या आमच्या बाईंना त्याच दिवशी सगळं लिहून कळवलं. त्याचं काय व्हायचं ते होतंय, आणि ते व्हायलाच हवं. सोमवारी देवळात गेलो. काकी पुढे येऊन बसल्या होत्या. मी उभा राहिलो आणि सांगितलं की मागच्या खेपेला मी खोटं बोललो, आपांना आजार त्यांच्या शेतातून झाला नव्हता, मी त्यांना जे करायला लावलं त्यातून झाला. काकींचा त्यात काही दोष नाही. कुणी आरडाओरडा केला नाही. मागून एक म्हातारे गृहस्थ उठले.

"म्हणजे चिखलात जंतू नाय तर."

"आहे," मी घाईघाईने म्हणालो. "तालुक्यातल्या काही शेतांत आहे. आम्हाला सापडलाय. बूट घालायलाच हवेत."

"गेल्या टायमाक देवळात उभो रवान खोटा सांगलंस," ते शांतपणे म्हणाले. "आताचा खरा कशावरून?"

मी आकडे सांगायला लागलो, नकाशा समजावायला लागलो. लोक पाहत होते. मग कुणीतरी सप्त्याच्या जेवणाचा विषय काढला आणि मी खाली बसलो. गेले दोन पावसाळे ह्या सगळ्या वाडीने बूट घालून लावणी केली होती. माझ्या खोट्यावर विश्वास ठेवून.

परवाच्या जुलैत काकींचा फोन आला. कुणगा लावून झाला, म्हणाल्या. शेजारच्या दोघी मदतीला आल्या होत्या. आवाज पुष्कळ मोकळा होता. मी विचारलं, "काकी, बूट घातले होते ना?"

"घातलंय मां. पण तुझ्या सांगण्यान नाय हां. ह्येंनी जावच्या आदी दोनदा सांगल्यानी होता, म्हणान घातलंय."

"आणि त्या दोघी? वाडीतली बाकीची?"

"ती घालणत नाय," काकी म्हणाल्या. "तुझे बूट मां ते!"